परतीचं वजन

फोन आला तेव्हा लायल दुकानाच्या काउंटरवर एका बाईला समजावत होता, की तिच्या नळात बसणारी चकती आता कोणी बनवत नाही, सबंध नळच बदलावा लागेल. बाईला ते पटत नव्हतं. चकतीपायी नळ बदलायचा म्हणजे नखासाठी बोट कापायचं, असं तिचं म्हणणं. लायलनं तिला हातानंच थांबायला सांगितलं आणि फोन घेतला. विमानवाल्यांच्या ऑफिसातली ट्रूडी बोलत होती. सप्टेंबरच्या शिकारीच्या फेरीसाठी तिला दोघांची वजनं हवी होती. "कपड्यांसकट, बुटांसकट," ती म्हणाली. "आणि खरी सांगा बरं का. निघायच्या दिवशी सगळ्यांना काट्यावर उभं करतो आम्ही. गेल्या वर्षी एकानं चाळीस पौंड चोरले होते, त्याची बंदूक धक्क्यावर ठेवून गेलो." लायलनं आपलं सांगितलं, दोनशे तीस. मग थोरल्या भावाचं, व्हर्जिलचं सांगितलं, एकशे अठ्ठेचाळीस. पलीकडे बटणं दाबल्याचा आवाज आला. "मग तुमचं एकाच फेरीत बसतंय की," ट्रूडी म्हणाली. "सामानासाठी दुसरी फेरी नको. दीड हजार डॉलर वाचले तुमचे." "बसतंय?" लायल म्हणाला आणि मोठ्यानं हसला. "बसतंय!" फोन ठेवून तो वळला तेव्हा नळवाली बाईही हसत होती. कोणाचं तरी काहीतरी चांगलं झालेलं दिसतंय, एवढंच तिला कळलं होतं.

आनंद आधी आला आणि तो कशाचा, हे मागून कळलं. बाईला नवा नळ काढून देता देता लायलनं मनात वजाबाकी केली. व्हर्जिल पूर्वी दोनशे पस्तीस पौंडांचा होता. मधले सत्त्याऐंशी पौंड गेले म्हणून तंबू, तांदूळ, शेवया, बंदुका, दोर, मांस भरायच्या पिशव्या हे सगळं आता त्यांच्याबरोबर त्याच विमानात चढणार होतं. भावाच्या अंगातून गेलेल्या मांसाच्या जागी सामान बसणार होतं. आणि ते ऐकून आपण लॉटरी लागल्यासारखे हसलो. दिवसभर त्यानं गिऱ्हाइकांना चुकीचे पाइप काढून दिले. संध्याकाळी गाडीत बसल्यावर त्याला वाटलं, आपण हसलो नव्हतोच, नुसतं ओरडलो. पण त्या बाईचा चेहरा आठवला, आणि तसं मानायची सोय राहिली नाही.

अँकरेजसारख्या गावात मूस, म्हणजे घोड्याहून थोराड ते रानहरीण, बघायला विमान लागत नाही. हिवाळ्यात ते रस्त्यानं हिंडतात, बँकेच्या दारात उभे राहतात, लायलच्या अंगणातलं बर्चचं झाड त्यांनी दोनदा खाऊन संपवलं होतं. "ज्याला मारता येत नाही तो दारात," व्हर्जिल म्हणायचा, "आणि ज्याला मारता येतो तो चार हजार डॉलर पलीकडे." गाडी जाते तिथवर सगळं शहर बंदूक घेऊन पोचलेलं असतं. खरी शिकार डोंगरांच्या पश्चिमेला, जिथे रस्ता नाही, माणूस नाही, विमान तळ्यावर उतरवून देतं आणि निघून जातं. बाहेरच्या राज्यांतले पैसेवाले तिथे वाटाड्या घेऊन जातात. वाटाड्या मूस शोधतो, वाटाड्या सांगतो मार, वाटाड्याची माणसं मांस वाहतात. व्हर्जिलला त्या गोष्टीची किळस होती. लग्न आपलं आणि मधुचंद्राला भाड्याचा माणूस, असं तो म्हणायचा, आणि डोरीन, त्याची बायको, स्वयंपाकघरातून ओरडायची की निदान त्याला तरी वेळेवर उठता येत असेल. हे सगळं त्या टेबलाशी चालायचं. दर हिवाळ्यात, दुपारी तीनलाच दिवे लावावे लागतात त्या दिवसांत, दोघे भाऊ कॉफी घेऊन बसायचे आणि हिशोब मांडायचे. जायचं कोणीही मांडतो धाकट्या, व्हर्जिल म्हणायचा, यायचं मांड. जाताना दोन माणसं आणि सामान. येताना दोन माणसं, सामान, आणि वर पाचशे पौंड मांस. त्यातला एक तुकडाही रानात टाकून येता येत नाही. कायद्यानं तो गुन्हा आहे, शिंगं घेऊन मांस टाकणाऱ्याचं विमानसुद्धा जप्त होतं. पण व्हर्जिलला कायद्याची गरज नव्हती. मांस टाकून आलेल्या माणसाशी त्यांचा बाप बोलत नसे, तोही बोलत नसे. तेव्हा मांसाच्या फेऱ्या आधी मांडायच्या, मग स्वतःच्या. आणि दोन धिप्पाड भावांचा हिशोब दर वर्षी त्या एका जादा फेरीपाशी येऊन अडायचा. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. एका वर्षी ट्रकचा गिअरबॉक्स गेला. एका वर्षी डोरीनचे दात. एका वर्षी लायलचा घटस्फोट, ज्यात वकिलानंच मूस मारला, असं व्हर्जिल म्हणाला होता. "पुढच्या वर्षी," दोघे म्हणायचे आणि कागद उलटा करून त्यावर पत्ते खेळायचे.

मग व्हर्जिलच्या पोटात कॅन्सर निघाला. कापला, औषधं घातली, पुन्हा निघाला. छपरं घालायचा त्याचा धंदा होता. माणूस शिडीवर चढेना तेव्हा त्यानं शिड्या, ट्रक, खिळे मारायची यंत्रं सगळं एका रविवारी अंगणात मांडून विकून टाकलं. पैसे आले. दात होते तेव्हा चणे नव्हते. आता चणे ओंजळभर आले होते. डॉक्टर पानगळीपर्यंतचं बोलत होते, त्यापुढचं बोलत नव्हते. व्हर्जिल लायलला एवढंच म्हणाला, "यंदा." लायल नाही म्हणू शकला असता. पण त्याला त्या क्षणी वाटलं, हा शब्द मी इतकी वर्षं टाळला, कधी पैशाच्या, कधी दुखऱ्या गुडघ्याच्या नावानं, आणि आता टाळला तर तो माझ्याच गळ्यात राहील. तो म्हणाला, "यंदा." त्यानंतर महिनाभर तो एकटाच हिशोब मांडत राहिला, कारण व्हर्जिलला आकडे फिरल्यासारखे दिसत. वजन आणि पैसा सोपा होता. खरा हिशोब दुसराच होता, आणि तो मांडायला लायल बसला की त्याचं डोकं बधिर व्हायचं. मूस मारला तर तो कापणार कोण? दोघे. म्हणजे एक. तळ्यापर्यंत वाहणार कोण? चिखलातून, गवताच्या ढेपा चुकवत, पाठीवर ऐंशी पौंड घेऊन, पुन्हा परत, पुन्हा ऐंशी. व्हर्जिल एका मांडीएवढंसुद्धा उचलणार नाही. आणि माणसाला उचलावं लागलं तर? तो आकडा त्यानं कुठेच धरला नव्हता. एकशे अठ्ठेचाळीस.

ट्रूडीचा फोन आला त्या संध्याकाळी तो व्हर्जिलकडे गेला. डोरीन अंगणातच भेटली, कचऱ्याचा डबा रस्त्याकडे ओढत होती. अस्वलं डबे उपसतात म्हणून तिथे डबा आदल्या रात्री ठेवत नाहीत, पण डोरीननं अलीकडे असल्या गोष्टी सोडून दिल्या होत्या.

"काय म्हणाली विमानवाली?" तिनं विचारलं.

"एका फेरीत बसतंय."

डोरीन हिशोब करत उभी राहिली. तिला तो लायलपेक्षा लवकर समजला. "हं," ती म्हणाली. "म्हणजे उपयोग झाला म्हणायचा."

"डोरीन, मी त्याला नको म्हणू का? तू सांग. तू म्हणालीस तर आत्ता आत जाऊन सांगतो."

"खापर माझ्या डोक्यावर फोडू नकोस." तिनं डबा सोडला. "घेऊन जा त्याला. पण मला परत आणून दे. मूस नको मला, शिंगं नकोत. तिकडे झुडपात बसून मरायचं त्याच्या मनात आहे, मला माहीत आहे, चाळीस वर्षं झोपतेय त्याच्या शेजारी. मला तो इथे हवाय. माझ्या पलंगावर. कळलं तुला?"

"कळलं."

"तुला तो फसवेल. तुला लहानपणापासून फसवतोय."

आत व्हर्जिल खुर्चीत पांघरूण घेऊन बसला होता. एका फेरीचं ऐकून तोही हसला, अगदी मनापासून, आणि लायलला एकदम हलकं वाटलं, की याला चालतंय तर. मग व्हर्जिल म्हणाला, "आणखी थोडी वाट बघितली असतीस तर फुकटात नेलं असतं त्यांनी."

तळ्यावर उतरल्यावर विमान गेलं. मग त्याचा आवाजही पार मिटला. लायलला आयुष्यभर वाटत आलं होतं की हा क्षण मोठा असेल. तो ओला आणि थंड होता. बुटांत पाणी शिरलं होतं. लाल पडलेली ब्ल्यूबेरीची झुडपं डोंगरापर्यंत पसरली होती, त्यांच्यामध्ये पिवळ्या गवताचा दलदली पट्टा. लायलनं तंबू उभा केला, चूल पेटवली, व्हर्जिलला बसवलं. पुढचे दिवस एकासारखे एक गेले. सकाळी तो व्हर्जिलला धरून तंबूमागच्या चढावर नेई. पाठ टेकायला पिशवी, गुडघ्यांवर पांघरूण, हातात दुर्बीण. व्हर्जिल बघत राही. बघता बघता त्याचे डोळे मिटत, आणि लायल मूस बघायचं सोडून त्याची छाती हलते का बघत बसे. जेवण व्हर्जिल ताटात फिरवत बसायचा आणि मग लायलच्या ताटात सरकवायचा. "खा. वाहायचंय तुला," म्हणायचा. लायल दोघांचं खायचा. आपण भावाचंच अन्न अंगावर चढवतोय असं त्याला घास गिळताना वाटे, आणि तरी भूक लागलेली असे, भयंकर भूक, तिची त्याला लाज वाटे. त्याला राहून राहून बापाची आठवण येई. बाप असाच चढावर बसवायचा दोघांना आणि समोरच्या नराची शिंगं मोजायला लावायचा. त्या भागात वाटेल तो नर मारता येत नाही. शिंगांचा पसारा पन्नास इंच तरी हवा, नाहीतर कपाळापुढे येणाऱ्या फांदीला एका बाजूला चार टोकं हवीत. पसारा लांबून कोणालाच नक्की कळत नाही, कान, डोळे यांवरून अंदाज बांधावा लागतो, आणि अंदाज चुकून छोटा नर पाडणारे दर वर्षी निघतात, मग स्वतःच वनखात्याला फोन करून गुन्हा कबूल करायचा, मांस त्यांच्या हवाली करायचं, दंड भरायचा. टोकांचं तसं नाही. टोकं मोजता येतात. व्हर्जिल आधी मोजायचा आणि नेहमी बरोबर मोजायचा. लायल घाईत एखादं जास्त धरायचा, आणि बाप म्हणायचा, याला बंदूक देऊ नका, हा सावली मोजतो.

मग एका सकाळी व्हर्जिलला उठवेना. उलटीत काळपट काहीतरी पडलं. लायलनं त्याचं तोंड पुसलं, पाणी पाजलं. भाड्यानं घेतलेलं, उपग्रहावरून निरोप धाडायचं यंत्र त्यानं पिशवीच्या तळाशी लपवून आणलं होतं. व्हर्जिलनं ते हिशोबातून दोनदा खोडलं होतं. तळ्याकडे जाऊन त्यानं निरोप टाकला. उत्तर आलं की पश्चिमेकडून मोठं वादळ येतंय. उद्या सकाळी विमान येऊ शकतं, नंतर मग चार-पाच दिवस कोणी उडणार नाही. उद्या हवं तर आत्ता हो म्हणा. लायलनं लगेच हो म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं. तो तिथे पाण्याकाठी उभा राहिला, अंगठा बटणावर, आणि त्याला वर चढावर बसायला निघालेला भाऊ दिसला. आपला आपण, चार पायांवर, झुडपं धरत. लायल धावला. "कुठे चाललास?" "कामावर," व्हर्जिल म्हणाला. त्याला उचलूनच वर न्यावं लागलं. त्याचं वजन किती उरलंय ते हातांना कळलं, आणि ते लायलला सोसेना. बंदूक व्हर्जिलनं मागितली. लायलनं दिली.

व्हर्जिलनं तळव्यांची नळी करून तोंडाशी धरली आणि मादीची हाक घातली. लांब, कण्हत गेलेली, शेवटी खाली पडणारी. बापानं शिकवलेली ही हाक लायलला येत नव्हती. आज ऐकताना त्याला हाक कुठे संपते आणि भावाचं कण्हणं कुठे सुरू होतं ते कळेना. दलदलीपलीकडून उत्तर आलं. एक हुंकार, पुन्हा एक, फांद्या मोडल्याचा आवाज. आणि नर बाहेर आला. लायलनं तसा नर कधी पाहिला नव्हता, म्हणजे पाहिला होता, पण बँकेच्या दारात. हा इतका मोठा होता की त्याच्या पाठीमागचं झाड झुडूप वाटलं. शिंगांवर सोललेल्या सालींचे दोरे लोंबत होते. तो थांबला, डोकं वळवलं, कोण हाक मारतंय ते शोधू लागला. व्हर्जिलनं पिशवीवर बंदूक टेकवली होती. बंदूक पक्की होती आणि नर उभा होता. लहान पोरालाही नेम साधला असता. "मोज," व्हर्जिल हळूच म्हणाला. "माझ्या डोळ्यांपुढे पाणी येतंय. तू मोज."

लायलनं दुर्बीण लावली. डाव्या फांदीला चार. एक, दोन, तीन, चार, बोटांसारखी, दोन बोटांमध्ये आभाळ दिसत होतं. उजवीला चार. पसारा साठ इंचांपेक्षा कमी नव्हता. याच्यात सावली नव्हती, घाई नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं बरोबर मोजली होती. आणि मोजून होता होता दुसरा हिशोब आपोआप सुरू झाला, महिनाभर ज्याच्यापुढे त्याचं डोकं बधिर होत आलं होतं तो, आणि आता तो झर्रकन सुटत गेला. हा पडला की कातडं सोलायचं, चारी पाय, बरगड्या, मान. दलदलीतून तळ्यापर्यंत एकट्यानं. आज संपणार नाही, उद्या संपणार नाही. उद्याचं विमान येईल आणि व्हर्जिल त्यात बसणार नाही, मांस पडलेलं असताना तो बसणारच नाही, त्याला बांधून घालावं लागेल. विमान जाईल, वादळ येईल. आणि वादळ जाईपर्यंत पाचशे पौंड मांस कापडी पिशव्यांतून फांद्यांना नीट टांगलेलं असेल, एकही तुकडा वाया न गेलेला, आणि तंबूत व्हर्जिल… व्हर्जिलनं हे सगळं मांडलं होतं. यायचं मांड म्हणणाऱ्या माणसानं यंदा फक्त जायचं मांडलं होतं. डोरीन म्हणाली ते खरं होतं. आणि तरीही, लायलला वाटलं, तरीही हे त्याचं आहे. हे त्याला देणं माझ्या हातात आहे, एका आकड्याइतकं सोपं. छपरावर आयुष्य गेलं त्याचं, लोकांच्या डोक्यावर छपरं घालण्यात, त्याला एवढंच हवंय, आणि मी कोण? त्याला डोरीनचा पलंग दिसला, खिडकीशी लावलेला, त्यावर चादर ओढून ठेवलेली.  नर एक पाऊल पुढे आला.

"किती?" व्हर्जिलनं विचारलं.

"तीन," लायल म्हणाला.

"दुसऱ्या बाजूला?"

"तीनच."

"पसारा?"

"पंचेचाळीस. फार तर. छोटा आहे, एल."

व्हर्जिल म्हणता येत नव्हतं तेव्हाची एल ही हाक त्यानं लहानपणानंतर मारली नव्हती, ती आपल्या तोंडी कशी आली त्याला कळलं नाही. व्हर्जिल हलला नाही. गाल बंदुकीच्या दस्त्याला लागलेला, एक डोळा मिटलेला, दुसरा नळीवरच्या दुर्बिणीला. त्या दुर्बिणीतून नर लायलला दिसत होता त्याहून स्पष्ट दिसत असणार. लायलला त्याचा अंगठा दिसत होता, बंदुकीचा सुरक्षेचा खटका सोडायच्या जागी टेकलेला, त्याच्यावरचं नख निळं पडलेलं. असा किती वेळ गेला कोणास ठाऊक. नरानं मान खाली घातली, गवत हुंगलं, फसवलं गेल्यासारखा फुरफुरला आणि वळला. चिखलातून त्याचे पाय काढल्याचे आवाज येत राहिले, मग झुडपं हलली, मग हलायची थांबली. लायलला वाटलं आता हा ओरडेल, निदान शिवी देईल. शिवीची तो वाट बघत होता. शिवी आली असती तर बरं झालं असतं.

व्हर्जिलनं बंदूक उघडली, गोळ्या एकेक काढल्या आणि लायलच्या तळहातावर ठेवल्या. त्याची बोटं बर्फासारखी होती. मग तो पिशवीवर मागे रेलला आणि आभाळाकडे बघत राहिला. पश्चिमेकडून ढग येत होतेच.

"विमान कधी येतंय?" त्यानं विचारलं.

"उद्या सकाळी. हो म्हणायचं राहिलंय अजून."

"मग म्हण जा." लायल उठला तेव्हा व्हर्जिलनं त्याची विजार धरली. "धाकट्या. घरी सांगताना चार होती म्हणून सांग."

लायलनं गोळ्या खिशात घातल्या.

"आणि सांग की मी सोडला," व्हर्जिल म्हणाला. "म्हणावं, मीच सोडला तो नर."

"सांगतो," लायल म्हणाला, आणि निरोप टाकायला तळ्याकडे उतरू लागला.